घोट्यावरचा धागा

बंद पडलेल्या त्या गोदामात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. जिच्या कडेवर मूल नाही अशी बाई दिसत नव्हती. पुढे लाकडी पेट्यांच्या उतरंडीवर धागेबाबा बसला होता आणि त्याच्या मांडीवर गवंड्याचा मुलगा. बाबानं पोराचा पाय उचलून सगळ्यांना दाखवला. घोट्यावर काळा धागा मांसात रुतला होता.

"पंधरा दिवसांपूर्वी ह्याच धाग्यात माझी दोन बोटं जात होती. जात होती की नाही?"

"जात होती!" गर्दी ओरडली. निम्म्या जणी त्या दिवशी तिथं नव्हत्याच, पण ओरडायला काय लागतं?

"आता नखही जात नाही!" बाबानं कात्री घातली. टच्! धागा तुटला आणि गोदामभर टाळ्या पडल्या. गवंड्याची बायको रडायलाच लागली.

"नजर पोटात बसते," बाबा सांगू लागला. "म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. ती मी पायावाटे खाली उतरवतो. आणि रिकाम्या जागेत मांस पायावाटेच वर चढतं!"

एकच जिना, नजर उतरणार आणि मांस चढणार, मधे दोघांची टक्कर कशी होत नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्या जणी पोरांचे पाय पुढे करत होत्या.

शेवटून तिसऱ्या रांगेत लॉन्ड्रीत काम करणारी मावशी उभी होती. कडेवर नात. नात अडीच वर्षांची होती, दिसायची जेमतेम वर्षाची, म्हणून तिला सगळे चिंगीच म्हणत. तिची आई, म्हणजे मावशीची लेक, दूरच्या शहरात एका घरी राहून काम करायची आणि रविवारी फोन करायची. नवरा केव्हाच सोडून गेलेला. घरात दोनच माणसं, एक बोलता न येणारं आणि एक बोलायला कुणी नसलेलं.

चिंगी खायची. भात खायची, अंडं खायची, मावशीच्या ताटातलंही खायची. पण दर आठ-दहा दिवसांनी पोट बिघडायचं, आणि बिघडलं नाही तरी हाडं झाकली जायची नाहीत. चाळीतल्या बायकांनी ह्याचा अर्थ लावून टाकला होता. समोरच्या खोलीतली शिलाईवाली तर तोंडावर म्हणायची, "मावशी, लेक पैसे पाठवते ते पोरीच्या पोटात जातात ना? का वाटेत कुठं थांबतात?"

मावशी हसून वेळ मारून न्यायची. मग दार लावून घ्यायची आणि नात जेवत असताना तिच्या ताटाकडे बघत बसायची, आपलाच हात चुकून तिथं जातो की काय असं वाटून.

त्या दिवशी शिलाईवालीही रांगेत होती, तिच्या धाकट्याला घेऊन. दोन्ही मुलांच्या घोट्यांवर बाबानं धागे बांधले, हातावर पुड्या ठेवल्या. पांढरी भुकटी, रोज दोन वेळा, आणि वर वाटीभर मिठाचं पाणी. "मीठ अंगात ताकद धरून ठेवतं," बाबा म्हणाला. दवाखान्यात मात्र पाऊल टाकायचं नाही. टाकलं की नजर परत वर चढणार.

मावशीनं त्या संध्याकाळी एक आगाऊपणा केला. लॉन्ड्रीत चादरीची जोडी आली की दोन्ही नगांना सारख्याच खुणेचा धागा बांधायचा, हा तिथला नियम. धुण्याच्या पिंपात एकाचा धागा सुटला, तरी दुसऱ्यावरून जोडी लागते. बावीस वर्षं हेच केलेल्या बाईला एकच धागा बांधलेला बघवेना. तिनं खुणेच्या लाल दोऱ्याचा तुकडा घेतला आणि चिंगीच्या दंडावर, घट्ट नाही आणि सैल नाही असा, पक्की गाठ मारून बांधला. पायातला निघून गेला तर हा असू दे. बाबाला कशाला सांगायचं?

आठवड्यात चमत्कार दिसू लागला. चिंगी रडून रडून खायला मागू लागली. गाल वर आले. डोळे बारीक झाले, पण ते गालांमुळे, असं मावशीनं स्वतःला समजावलं. शिलाईवालीच्या धाकट्याचंही तसंच. दोघी दारात उभ्या राहून पहिल्यांदा नीट बोलल्या.

"मावशी, मी उगाच टोचून बोलायचे हो."

"जाऊ दे गं. पोरांना बघ, कशी लाडवासारखी झालीत."

मावशीनं फोटो काढून लेकीला पाठवला. लेकीनं रविवारची वाट न बघता फोन केला. "आई, ही माझीच ना गं? गालाचा पापा घे माझ्याकडून. दोन्ही गालांचा घे." पलीकडे ती हुंदके देत हसत होती. मावशीला त्या दिवशी खोली मोठी वाटली.

बाराव्या दिवशी सकाळी ती चिंगीला आंघोळ घालत होती. पोर दोन दिवस गप्प गप्प होती, उचलली की मान टाकायची. साबणाचा हात दंडावरून फिरला आणि लाल दोरा कोपरावरून घसरला, मनगटावरून सुटला आणि पाण्यात पडला. गाठ जशीच्या तशी.

मावशीनं तो बाहेर काढला. पुन्हा दंडात घातला. पुन्हा घसरला.

मग तिनं पाय बघितला. काळा धागा कातडीत इतका रुतला होता की तो धागा आहे हेही दिसत नव्हतं.

एकाच अंगावर दोन धागे, एकाच दिवशी बांधलेले. पाय सांगतो मांस चढलं आणि दंड सांगतो उतरलं. दोघांतला एक खोटं बोलत होता. मावशी ओल्या फरशीवर बसून राहिली. तिला पिंपातून काढलेली घोंगडी आठवली. कोरडी असताना एका हातात येते, भिजली की दोघी लागतात. म्हणून काय घोंगडीला लोकर फुटली, असं कुणी म्हणतं?

तिनं चिंगीच्या नडगीवर अंगठा दाबला, दहा आकडे मोजले आणि उचलला. तिथं खड्डा पडला होता. तो भरून यायची वाट बघत ती बसली, आणि तो भरून येईना.

दवाखान्यात सिस्टर एकट्याच होत्या. बाबा आल्यापासून मुलांच्या वजनाचा काटा रिकामा लटकत होता. त्यांनी चिंगीला बघितलं, पुडीतली भुकटी बघितली आणि लगेच डॉक्टरांना बोलावून पोरीला दाखल करून घेतलं. दंडाला माप लावलं, तेव्हा महिन्यापूर्वी तिथंच घेतलेल्या मापापेक्षा दंड बारीक निघाला.

"मावशी, हे मांस नाही. पाणी आहे," सिस्टर म्हणाल्या. "आधीच अशक्त पोर, त्यात रोज वाटीभर मिठाचं पाणी पाजलंत. अंगात पाणी साठलं. पाणी सगळ्यात आधी उतरतं पायात. म्हणून तर तो घोट्याला धागा बांधतो. दंडाला बांधायची त्याची छाती नाही."

"आणि भूक? ती तर खरीच लागायची तिला."

"ह्या पुडीत बहुतेक स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. तपासायला पाठवतो आहोत आम्ही. त्यानं भूक खवळते, तोंड सुजतं, आणि आत खरं मांस झडत जातं. आता एकदम थांबवलं तर तेही धोक्याचं, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतील. वेळेवर आणलीत."

मावशीनं पदराचं टोक चुरगळत, खाली मान घालून विचारलं, "बाई, पण आधी का वाळली ती? मी तिच्या तोंडचं खात नाही हो. शप्पथ घेते. चाळीत म्हणतात..."

सिस्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "तुम्ही लॉन्ड्रीत ना? टॉवेल पाणी कशानं टिपतो?"

"त्याच्यावर दोऱ्याची बारीक बारीक लव असते. तिनं."

"आणि सोड्याच्या पाण्यात रोज उकळला तर?"

"लव झडते. मग नुसतं फडकं. कितीही पुसा, पाणी इकडचं तिकडं होतं."

"आतड्याला आतून अशीच लव असते. खाल्लेलं ती टिपून घेते. तुमच्या चाळीचा नळ कुठून येतो? गटाराला चिकटून, आणि पाइपाला जोडाच्या जागी चिंध्या बांधल्यात. रोज घोटाघोटानं घाण पोटात जाते. मोठ्यांचं निभतं. लहानांचं आतडं सारखं सुजलेलं राहतं आणि लव झडते. दर वेळी जुलाब होतातच असंही नाही, पण अन्न नुसतं पुढं सरकून जातं. तुम्ही भरवत होता, मावशी. तिला ते लागत नव्हतं."

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही."

दोन वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती तिथंच, काट्याच्या खाली, मोठ्यानं रडली.

पंधराव्या दिवशी धागे कापायचे होते. मावशी चिंगीला सिस्टरांच्या हवाली करून गोदामात गेली. मूल न घेता आलेली ती एकटीच. शिलाईवालीचा धाकटा बाबाच्या मांडीवर होता आणि बाबानं कात्री उघडली होती.

"थांब जरा," मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच लहान वाटला. "तुझ्या मांसाच्या धाग्यातला एक पोराच्या दंडाला बांध. आठ दिवस राहू दे. मी इथंच बसते."

बाबा हसला. "आजीबाई, नजर हातावाटे उतरत नसते."

"न उतरू दे. मांस तर सगळीकडे चढत असेल? का ते फक्त घोट्यापर्यंत येऊन दमतं?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबाचा चेहरा बदलला. "ही दवाखान्यात जाऊन आलीये! हिच्या नातीची नजर परत वर चढली! हिच्यापासून मुलं लांब ठेवा!"

बायका खरंच मागे सरकल्या. मावशीभोवती मोकळं रिंगण झालं, आणि त्या रिंगणात ती इतकी एकटी पडली की तिला वाटलं, जावं घरी. पण समोर शिलाईवालीचा धाकटा मान टाकून बसला होता, तीन दिवसांपूर्वी चिंगी बसायची तसाच.

"मला हात लावू नका," ती म्हणाली. "माझं ऐकूही नका. आपापल्या पोराची नडगी धरा. अंगठा दाबा. दहा मोजा. मांस असेल तर अंगठा उचलला की वर येईल. तुमचंच पोर, तुमचाच अंगठा. ह्यात मी कुठं आले?"

मग शिलाईवाली पुढे आली. तिनं बाबाच्या मांडीवरच पोराच्या नडगीवर अंगठा रोवला आणि ओठ हलवत दहा मोजले. उचलला. ती बघत राहिली. मग दुसऱ्या पायावर दाबला.

"खड्डा पडतोय," ती म्हणाली. "मावशी, हा भरत नाहीये. हा भरत का नाहीये?"

गोदामात एकेक अंगठा टेकू लागला. मोजण्याची कुजबुज ऐकू येत होती आणि मग तीही थांबली. त्या शांततेत मावशीनं पाण्याचं, मिठाचं, पुडीचं सगळं सांगितलं. "पुड्या फेकू नका, आपल्या मनानं बंदही करू नका. पोरांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." बायका दाराकडे धावल्या. त्या गडबडीत बाबा मागच्या दारानं निसटला. कात्री विसरून गेला. पुढच्या आठवड्यात भुकटीच्या तपासणीचा निकाल आला. सिस्टर म्हणाल्या तेच निघालं, आणि दोन गावं पलीकडे, नवा धागा बांधताना पोलिसांनी त्याला धरलं.

चाळीनं मावशीला डोक्यावर घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. सूज उतरली तशी मुलं पुन्हा हडकुळी दिसू लागली, आणि गोबरे गाल जिनं काढून घेतले तिच्या दारात बसायला कुणाला आवडतं? शिलाईवाली तेवढी यायची. दोघींनी मिळून नळाच्या पाइपासाठी अर्ज केला, खेटे घातले, चार महिन्यांनी पाइप गटारापासून हलला. तोवर पाणी उकळून गार करायचं, भरवण्याआधी साबणानं हात धुवायचे, पोटभर खाऊ घालायचं आणि महिन्याला काट्यावर न्यायचं. चिंगीचं वजन मुंगीच्या पावलानं वाढलं. सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं, वाढीतलं पुष्कळ गेलंय, सगळंच परत येईल असं नाही.

सगळ्यात कठीण होता रविवारचा फोन.

"आई, नवा फोटो का पाठवला नाहीस? गाल आणखी वर आले असतील."

"ते गाल नव्हते, बाळा. सूज होती." मावशीनं सगळं सांगितलं.

"मग आता?"

"आता खरी दिसते. बारीक आहे. पण काल कठड्याला धरून उभी राहिली."

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर त्यानं दिलेल्या जागीच मापू नका. आपण निवडलेल्या जागीही मापा, आणि माप नको म्हणणाऱ्याच्या हाती पोर देऊ नका. मूल खाऊनही वाळत असेल तर नजरेचा शोध घेण्याआधी पाण्याचा घ्या आणि दवाखाना गाठा. पण त्याच्याही आधी त्या घरातल्या बाईला सांगा, तुझं काही चुकलेलं नाही. आणि जमलं तर दवाखान्यापर्यंत तिच्याबरोबर चालत जा. एकटीला ती वाट फार लांब पडते.