नथ्थूच्या तीन खाचा

सावली गावच्या तांदूळ गिरणीत पोती जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली लाकडी पॅलेट घातलेल्या असतात, त्या सगळ्या नथ्थू सुताराच्या हातच्या. पाच वर्षांपूर्वी पॅलेट हा शब्दही त्याला ठाऊक नव्हता. आयुष्यभर त्याने बैलबंड्या केल्या. ट्रॅक्टर आले, बंड्या संपल्या, आणि हात रिकामे पडले तेव्हा गिरणीच्या मालकीण इंदुताईंनी त्याला हे काम दिले. बंडीच्या जोडकामात त्याने कधी खिळा वापरला नव्हता, तसा पॅलेटमध्येही वापरला नाही. लाकडाच्या खुंट्याच ठोकल्या. शिवाय प्रत्येकीच्या कडेला तीन खाचा. दुरुस्तीला आलेली वस्तू आपलीच की दुसऱ्याची, हे ओळखायला बंडीवरही तो त्याच मारायचा.

अशात इंदुताईंचा पुतण्या पियुष नागपूरहून एक निळी प्लास्टिकची पॅलेट घेऊन आला.

"काकू, हिले वाळवी लागत नाई. पाण्यानं धुतली का साफ. दहा वर्षं पाहाचं काम नाई."

शनिवारी दोन्हींवर पोती रचून बघू आणि मग ठरवू, असे इंदुताई म्हणाल्या. प्लास्टिक ठरले तर नथ्थूचे काम गेले. ह्या वयात पुन्हा घरी बसायचे म्हणजे सुनेच्या टीव्हीपुढे दिवस ढकलायचे, आणि टीव्हीतली ती बाई कधी कोणावर रागावलेली असते हे त्याला अजून कळलेले नव्हते.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले तसा तो गोदामात शिरला. मागच्या भिंतीजवळ एक पॅलेट रिकामी झाली होती. तिला हात लावला तर बोट आत गेले. वाळवी. नथ्थूने इकडेतिकडे पाहिले, ती ओढत नेऊन भुशाच्या ढिगामागे टाकली आणि जागेवर दुसरी सरकवली.

शनिवारी पियुषने निळ्या पॅलेटवर तांदूळ रचला. पोती प्लास्टिकच्या धाग्याची, पॅलेटही गुळगुळीत. हमालांनी ट्रॉली ओढली, ती दारातल्या उंचवट्यावर जरा अडखळली आणि खालचा थरच सरकून सहा पोती धडाधड खाली. मग नथ्थूच्या पॅलेटची पाळी आली. तोच उंचवटा, तेच हमाल, आणि एक पोते हलेल तर शपथ.

"पियुष, तुही पॅलेट तं घसरगुंडी निघाली," इंदुताई म्हणाल्या. हमाल पोट धरून हसले. पियुष मान खाली घालून सांडलेला तांदूळ गोळा करू लागला.

नथ्थू जिंकला होता. पण पोराचे ते वाकलेले डोके पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो उठला, भुशामागची पॅलेट ओढत आणली आणि सगळ्यांपुढे टाकली.

"काल म्याच लपवली हे. मांगच्या भिंतीजवळ वाळवी लागली. पोरगं खोटं नाई बोलत, बाई."

इंदुताईंनी पायाने पॅलेट उलटी केली. पोखरलेली फळी बोटाने दाबून पाहिली.

"मंग असं करू," त्या म्हणाल्या. "गोदामात खाली प्लास्टिक. हालाचंच नाई तं घसरन कशी? आन् पुन्याचा गिऱ्हाईक आता पॅलेटसगट माल मागून राह्यला. त्या गाडीत तुमच्या जातीन. तिकडून वापस येत नाईत, म्हनून दर महिन्याले नव्या लागतीन. जमन ना, नथ्थूभाऊ?"

"जमन," नथ्थू म्हणाला. पण घरी जाताना त्याला चुटपुट लागली. त्याच्या हातची वस्तू कधी ना कधी त्याच्या दारात परत यायचीच. कायमची जाणारी वस्तू त्याने आजवर केली नव्हती. मग महिनाभर कामात बुडाला आणि चुटपुट विसरला. टीव्हीतली बाई आता कोणावर रागावते हे विचारायलाही सवड नव्हती.

पहिल्या तीस पॅलेट पुण्याच्या गाडीत चढू लागल्या तेव्हा शेवटच्या एकीवर तो वाकून बसला होता.

"भाऊ, ह्या तं वापस येनार नाईत," पियुष म्हणाला. "खाचा काऊन मारून राह्यले?"

नथ्थूने दोन खाचा पुऱ्या केल्या आणि पटाशी त्याच्या हातात दिली. "तिसरी तू मार."

पियुषने जीव लावून मारली. तरी तिरपी गेली. तो ओशाळला, पटाशी पुन्हा टेकवू लागला.

नथ्थूने त्याचा हात धरला. "राहू दे," तो म्हणाला, "कोन वापस आननार हाये?" आणि पॅलेट स्वतः उचलून गाडीत सरकवली.