वळणावरच्या देवीला नमस्कार

मित्रांनो, काशीत मैदागिनच्या चौकातून आत वळलात की पहिलवानांचा एक जुना आखाडा लागतो. त्याच्या आवारात, आवळ्याच्या झाडाखाली जी पांढरी मोटार उभी दिसते, ती मी. आता पांढरी म्हणायची ती आपली एक रीत. धुळीने मला ताकासारखा रंग आणलाय. माझ्या डाव्या गालावर एक पोचा आहे. बघणाऱ्याचं लक्ष आधी तिकडेच जातं, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते. पण त्याआधी थोडी ओळख होऊ दे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांच्या लांबलचक हातांनी मला जोडलं, रंगवलं, पुसलं. पण मला पहिली आठवण विचाराल तर ती यंत्रांची नाही, एका लिंबाची आहे. काशीला आले त्या दिवशी श्रीनिवासरावांनी माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मी पुढे सरकले, लिंबू फुटलं, आणि त्यांची बालवाडीतली लेक ईशानी भोकाड पसरून रडायला लागली. लिंबाला लागलं म्हणून.

श्रीनिवासराव ब्रह्मा घाटाजवळच्या पाठशाळेत मुलांना वेद शिकवतात. त्यांचं घरही तिथेच आहे, पण ते मी अजून पाहिलेलं नाही. त्या गल्ल्यांतून गाय आली तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे माझी काय कथा! म्हणून मी आखाड्यात राहते आणि माणसं चालत माझ्याकडे येतात. घाटही त्या दिवशी असाच माझ्याकडे आला. "गाडीला गंगा दाखवायची राहिली," असं त्यांच्या आई, शरदिनीआजी म्हणाल्या, तेव्हा श्रीनिवासराव पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या उतरून तांब्याभर पाणी घेऊन आले आणि माझ्या कपाळावर शिंपडलं. ते गार पाणी मला अजून आठवतं.

फार सुखाचे दिवस होते ते. ईशानीने माझ्या मागच्या सीटवर दूध सांडलं, बिस्किटं लपवली, गाढ झोपा काढल्या. तिची आई नंदाताई तिला मांडीवर थोपटत हलक्या आवाजात गायच्या आणि श्रीनिवासराव मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी यायचे, पोर जागी होऊ नये म्हणून. झोपलेलं मूल पोटात घेऊन हळूहळू चालणं, याच्यापेक्षा चांगलं काम मोटारीला मिळत नाही.

एकच खोड होती. काशीत रस्त्याला देऊळ की देवळाला रस्ता, कळत नाही इतकी देवळं. आणि देऊळ दिसलं की श्रीनिवासरावांचे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून छातीशी जुळायचे. डोळे मिटायचे, मान लवायची. तेवढा क्षणभर मी कोणाचीच नसे.

"अहो, हात ठेवा ना जागेवर," नंदाताई म्हणायच्या.

"ज्याच्यासाठी सोडले, तो सांभाळतो की."

"त्याचेही हात कुठे गुंतले असतील. सगळी काशी त्याच्याच भरवशावर गाडी चालवते."

आजी खुदकन हसायच्या. गर्दीत माझा वेग तो काय असणार, त्यामुळे कधी काही झालं नाही. पण पुढच्या दोन सीटच्या मधून एक छोटा चेहरा सगळं टिपत असायचा. ईशानी हातात ताटली धरायची, ती गरगर फिरवत "हटो भैया, हटो" म्हणायची, आणि देऊळ आलं की ताटली मांडीवर टाकून दोन्ही हात जोडायची. सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक वाटायचं. मलाही.

बघता बघता ईशानी अठरा वर्षांची झाली. शिकाऊ परवाना आला, माझ्या काचेवर लाल अक्षर चिकटलं. आता मला चालवणारे हात नवे होते, लहान आणि जरा घामट. पण पोर हुशार. थोड्याच दिवसांत क्लच असा हलका सोडायला लागली की मला कळायचंही नाही. आजींचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांना सारनाथच्या बागेत कोवळ्या उन्हात बसवून आणायचं तिने ठरवलं. थंडीतली एक सकाळ, डब्यात गूळपोळ्या, शेजारी बाबा, मागे आई आणि आजी. मागच्यांचे पट्टे सीटच्या फटीत गेलेले. "मागे कोण लावतं?" असं आजीच म्हणाल्या.

पांडेपूर मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. पुढे एक वळण आहे. तिथे कडुनिंबाखाली शेंदूर लावलेली देवी आहे आणि तिच्या अलीकडे पेरूचा ठेला उभा असतो. देवी दिसली आणि ईशानीचे हात वर गेले. विचार करून नाही हो, पापणी लवते तसे. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटात आठ हात होते आणि आठही जोडलेले होते.

रस्ता उजवीकडे वळला. मी सरळ गेले.

ब्रेक लागला, पण उशिरा. ठेला कलंडला, पेरू रस्ताभर घरंगळले, माझा गाल आत गेला. ठेलेवाला पलीकडे चहा पीत होता, म्हणून वाचला. तो धावत आला आणि त्याने पेरूंकडे नाही, आधी आत पाहिलं. "बिटिया, चोट त ना लगल?"

ईशानीला लागलं नव्हतं. आजी मात्र पुढच्या सीटवर आदळल्या होत्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. ठेल्याचं मोडलेलं चाक श्रीनिवासरावांनी नवं करून दिलं. पण ईशानीने किल्ली बाबांच्या हातात ठेवली ती ठेवलीच. मी आवळ्याखाली उभी राहायचे. आखाड्याची मांजर माझ्या बॉनेटवर झोपायची. पहिलवान विचारायचे, "बिटिया नहीं दिखती?" आणि मला वाटायचं, सांगावं कोणीतरी तिला की मी रागावलेले नाही.

मग आजींना डॉक्टरांना हात दाखवायला न्यायचा दिवस आला. श्रीनिवासराव चालवत होते. शेजारी त्यांचे बँकेतले मित्र उल्हासराव, मागे नंदाताई आणि आजी.

"आजकालच्या पोरांच्या हातात गाडी देऊच नये," उल्हासराव सांगत होते. "लक्ष सगळं मोबाईलमध्ये. आपण बघ, इतकी वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही."

श्रीनिवासराव हूं हूं करत होते. वळण आलं. कडुनिंब आला. आणि त्यांचे दोन्ही हात वर गेले.

"श्रीनिवास," मागून आजींचा आवाज आला. "गाडी बाजूला घे."

मी बाजूला थांबले. ठेलेवाल्याने आम्हाला ओळखलं आणि ठेला निमूटपणे चार हात मागे ओढला.

"काय झालं, आई? दुखतंय?"

"पोरीने मोबाईल नव्हता बघितला," आजी म्हणाल्या. "तिने तुला बघितलं होतं. इथं, या दोन सीटच्या मधून. आणि मी शेजारी बसून हसत होते."

श्रीनिवासराव मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी ते हळूच उचलून स्टिअरिंगवर ठेवले. उल्हासरावांनी खिडकीबाहेरच्या पेरूंची चौकशी सुरू केली.

"आणि ऐक," आजी पुढे म्हणाल्या. "प्लास्टर काढायला मी ईशानीच्याच गाडीतून येणार. ती नाही आली तर राहू दे हे असंच. पोळ्या लाटायची सुट्टी चाललीय, मला काही घाई नाही."

नंदाताईंनी कपाळाला हात लावला. "सुट्टी तुमची आहे, आई. पोळ्या मीच लाटतेय."

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता ईशानी आली. माझ्या गालावरच्या पोच्यावरून तिने बोटं फिरवली, पण ती दार उघडेना.

"बाबा, मला नाही जमणार. माझे हात माझं ऐकत नाहीत."

"माझेही कुठे ऐकतात?" श्रीनिवासराव म्हणाले. "नियम तुला पाठ आहेत, मलाही आहेत. ते डोक्याला. हातांना पाठ दिलाच नाही कोणी. पाठशाळेत काय करतो आपण? तोंड ऋचा म्हणतं, तसा हातही स्वर दाखवायला शिकतो. चल, दोघं शिकू."

आणि मित्रांनो, आखाड्याच्या अंगणात अशी शाळा सुरू झाली की तुम्ही ऐकली नसेल. वेद पाठ करताना दोन दोन शब्दांची साखळी करून म्हणतात, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, म्हणजे मधला एकही निसटत नाही. श्रीनिवासरावांनी तीच साखळी मला लावली. "पट्टा-आरसा. आरसा-इंडिकेटर. इंडिकेटर-मान. मान-क्लच." म्हणजे पट्टा लावून आरसा पाहायचा, इशारा द्यायचा, मान वळवून मागचं बघायचं, मगच मला हलवायचं. वळणाची साखळी वेगळी: "लांबून बघ-वेग कमी. वेग कमी-दोन्ही हात. दोन्ही हात-वळण." ईशानी म्हणायची आणि प्रत्येक शब्दाबरोबर तिचा हात, तिची मान, तिचा पाय ते करायचा.

"आता उलट-सुलट म्हण," बाबांना एकदा पाठशाळेतला उत्साह आला.

"बाबा, उलट म्हटलं तर गाडीही उलटी जाईल."

मग बाबांची पाळी. ते चालवायचे, ईशानी शेजारी. कोपऱ्यात पहिलवानांचे बजरंगबली होते. तिथे आलं की बाबांची बोटं नुसती वळवळायची आणि ईशानी हलकेच म्हणायची, "बाबा, हात." बोटं परत जागेवर. काही दिवसांनी तर दंड काढणारे पहिलवान मातीतूनच ओरडायला लागले, "पंडितजी, हाथ." वर जाताना "आरसा", खाली येताना "इंडिकेटर" म्हणत बैठका मारणारा एक तर मी स्वतः ऐकलाय. हसून हसून माझं इंजिन थरथरायचं. लोकांना वाटायचं, जुनं झालं.

प्लास्टर काढायचा दिवस उजाडला. आजी गल्ल्यांतून नंदाताईंचा हात धरून आल्या आणि मागे बसल्या.

"माझा पट्टा लावा गं कोणीतरी. नाहीतर ड्रायव्हरीणबाई किल्ली फिरवणार नाही."

"अजिबात नाही," ईशानी म्हणाली. तिने फटीतून मागचे पट्टे ओढून काढले, पुसले आणि सगळ्यांचे लावलेले बघितले. मग ओठ हलले: पट्टा-आरसा, आरसा-इंडिकेटर.

मी निघाले. कबीरचौऱ्याला बैल आडवा आला, तो जाईपर्यंत ती थांबली. पांडेपूर मागे पडलं आणि तिचे हात घामाने ओले झालेले मला कळले. लांबवर कडुनिंब दिसला.

"लांबून बघ-वेग कमी," ती पुटपुटली. माझा वेग उतरला. "वेग कमी-दोन्ही हात."

शेजारी श्रीनिवासराव काय करत होते सांगू? आपल्या दोन्ही हातांवर बसले होते. चक्क.

देवी समोर आली. मागे आजींनी आपला मोकळा डावा हात वर केला. उजवा तर प्लास्टरमध्ये, नमस्कार होणार कसा? तेव्हा नंदाताईंनी आपला उजवा तळवा त्यांच्या तळव्याला लावला. एक हात सासूचा, एक हात सुनेचा, मिळून एक नमस्कार.

"आजी, माझाही सांग गं," ईशानी म्हणाली. नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर.

"सांगितला, बाळा. दिसतायत तिला तुझे हात."

रस्ता उजवीकडे वळला. मीही वळले, लोण्यातून सुरी फिरावी तशी. ठेलेवाल्याने ठेला आधीच पार झाडामागे नेऊन ठेवला होता. तो हात हलवत ओरडला, "अबकी हम पहिलहीं हट गइली, बिटिया." आणि आत सगळे एकदम हसले. ईशानी हसत होती आणि तिचे डोळेही वाहत होते, पण ते पुसायला तिने हात काढला नाही. बाबांनी त्यांच्या उपरण्याने पुसले.

परत येताना तिने मला त्याच झाडाखाली, रस्त्याच्या कडेला नीट उभं केलं. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरली. आजीही उतरल्या, प्लास्टर निघालेला बारीकसा हात चोळत. मग सगळ्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, अगदी सावकाश, मनसोक्त. निघताना ठेल्यावरचे पेरू घेतले. त्यांच्या वासाने मी संध्याकाळपर्यंत घमघमत होते.

मित्रांनो, तुमची पाळी यायला अजून वेळ आहे. आज तुम्ही मागे बसता आणि पुढच्या दोन सीटच्या मधून बघत असता. तुमचे हात आत्ताच गाडी चालवायला शिकतायत, हे मोठ्यांना माहीत नसतं. म्हणून पट्टा लावून बसा. आणि पुढचे हात नमस्काराला निघाले, फोनला निघाले किंवा आणखी कशाला निघाले, तर न भांडता, हलकेच म्हणा, "बाबा, हात."

देव कुठे पळून जात नाही. मला कडेला थांबवा आणि मग उतरून जोडा दोन्ही हात. खरं सांगू, मला थांबायलाही फार आवडतं.