हाळीला जबाब

सुकेशनीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं आणि संक्रांत होऊन गेली तरी बन्सीधरनं त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. विसरला म्हणावं, तर तसंही नाही. पत्र देवळीतच होतं, चष्म्याच्या डबीखाली. रोज सकाळी चष्मा उचलताना ते दिसायचं आणि रोज बन्सीधर मनाशी म्हणायचा, आज नको, उद्या निवांत लिहू.

पत्रात अवघड काही नव्हतं. सुकेशनी लहानपणी चारठाण्याच्या वाचनालयात कोपऱ्यातल्या बाकावर येऊन बसायची. आता ती ताडकळसला शाळेत शिकवत होती. तिनं लिहिलं होतं, ‘काका, आमची लेकरं सपाट रानातली. डोंगर त्यांनी चित्रातच पाहिलाय. तुम्ही आम्हाला वाचनालयाच्या खिडकीतून पायरीचा डोंगर दाखवायचात आणि त्याच्या पोटात चांदणीचे दगड आहेत म्हणून सांगायचात. सातवीची सहल मला तिथंच आणायचीय, आणि लेकरांना डोंगर तुम्हीच दाखवायचा. जानेवारी संपेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर हेडमास्तर सहल शहरातल्या वॉटरपार्कला नेणार आहेत. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र.’

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. पायरीच्या डोंगरावर बन्सीधर कधी चढलाच नव्हता.

हिमालयाची त्याला खडान्‌खडा माहिती होती. कुठल्या शिखराखाली कुठली हिमनदी, कुठं श्वास पुरत नाही, सगळं वाचलेलं. पण खिडकीतून दिसणाऱ्या या डोंगरावर, जिथं शेरडं राखणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा जाऊन येतात, तिथं तो गेला नव्हता. लहानपणी अंगानं किरकोळ म्हणून आई पाठवायची नाही. पुढं वाचनालयाची नोकरी लागली. आणि नंतर नंतर तर वाट विचारायचीच लाज वाटायला लागली. जन्म डोंगराखाली काढून वाट विचारली तर लोक काय म्हणतील? चांदणीच्या दगडांबद्दल त्यानं एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. आपल्या डोंगरात ते आहेत की नाहीत, देव जाणे. लेकरं वर गेली आणि त्यांना नुसता काळा कातळ दिसला तर?

“उत्तर द्यायचं नसंल तर ते पत्र चुलीत घाला,” नर्मदाबाई एके सकाळी चहाचा कप आदळत म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची ही तऱ्हा त्यांना पाठ झाली होती. “रोज त्याच्याकडं बघून उसासे कशाला टाकायलाव?”

“नाही म्हणून कळवावं म्हणतो.”

“मग कळवा.”

“पण नाही तरी कसं म्हणायचं? पोरगी एवढ्या आशेनं…”

“मग जाऊन या की वर! डोंगर काय चावायलाय का तुमाला?”

बन्सीधरनं पिशवीत भाकरी घेतली, पाण्याची बाटली घेतली, आणि सवयीनं दोन पुस्तकंही घेतली. जिंतूरकडं जाणाऱ्या बसनं तो पांगरवाडीच्या फाट्यावर उतरला.

फाट्यापासून गाडीवाट होती. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली, मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा, आणि समोर डोंगर. खरोखरच एकावर एक पायऱ्या रचल्यासारखा, काळ्या कातळाच्या आणि पिवळ्या गवताच्या पट्ट्यांचा. जवळून तो खिडकीतून दिसायचा त्याच्यापेक्षा बुटका वाटला. बन्सीधरला तेवढ्यानंच धीर आला.

पांगरवाडीत शिरला आणि त्याची पावलं मंदावली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घराघराला कुलूप. अंगणात पालापाचोळा साचलेला, एका दारापुढं लेकरांची चाकाची गाडी उलटी पडलेली. सगळं गाव ऊसतोडीला गेलं होतं, ते आता उन्हाळ्याच्या तोंडावरच परतणार. शेवटच्या घराच्या ओट्यावर मात्र एक म्हातारी बसली होती. भोवती चार-सहा शेरडं, आणि मागं चौकटीतल्या खिळ्याला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा.

“कुणाकडं जायलाव, दादा? गावात कुणी न्हाई. किल्ल्या हायेत तेवढ्या.” म्हातारी स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

“डोंगरावर जायचंय, आक्का.” आणि मग, एवढी वर्षं जे विचारायला जीभ रेटत नव्हती, ते बन्सीधर पटकन बोलून गेला. “वाट कुठून आहे?”

म्हातारीला त्यात नवल वाटलं नाही. “ती काय, शेरडांच्या लेंड्या दिसायल्यात ना, त्यांच्या मागं मागं जावा. मी कोंडाबाई. तुमी?”

“बन्सीधर. चारठाण्याचा.”

“हां. तर बन्सीधरदादा, वर पोचलाव की हाळी द्या.”

“हाळी?”

“आमच्याकडं रीतच हाय. वर गेलेल्यानं हाळी द्यायची, खालच्यानं जबाब द्यायचा. मंगच त्यानं उतरायचं. वर कुणी पडलं-झडलं तर कळावं कसं? पैले गाव भरलेलं असायचं, कुणीबी जबाब द्यायचं. आता समदे फडावर. आता मीच.” कोंडाबाईंनी गुडघ्यावर थाप मारली. “आन्‌ हाळी न्हाई आली तर मला ह्या मोडक्या गुडघ्यानं तुमाला बघायला यावं लागंल. तवा इसरू नका.”

बन्सीधरनं मान हलवली खरी, पण ओरडणं हे काही त्याचं काम नव्हतं. वाचनालयातल्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवली होती. लग्नातसुद्धा त्यानं नाव घेतलं ते पुढच्या ओळीला ऐकू गेलं नव्हतं, असं नर्मदाबाई अजून सांगतात.

चढ मात्र सोपा निघाला. एक पायरी चढली की सपाट गवताचा पट्टा, मग पुन्हा पायरी. बोरीच्या झुडपांना वाळकी बोरं लटकत होती. त्यानं दोन तोंडात टाकली. दम लागला तेव्हा तो थांबला आणि दम गेला तेव्हा चालू लागला, आणि त्याला वाटलं, एवढंच असतं होय! दुसऱ्या पायरीवर त्यानं पिशवीतली दोन्ही पुस्तकं एका धोंड्यावर ठेवली, वरून दगड ठेवला आणि हलका होऊन पुढं निघाला.

शेवटच्या पायरीखाली कातळ सुटून पडला होता. फुटलेल्या दगडात आवळ्याएवढी पोकळी होती, आणि त्या पोकळीत काहीतरी चमकलं. बन्सीधर गुडघ्यांवर बसला. पांढरे, सुईसारखे बारीक खडे, मधल्या एका बिंदूपासून चहूकडं फाकलेले. चांदणी. शेजारच्या दगडात आणखी एक. आणि पलीकडं तर अख्खा धोंडाच चांदण्यांनी भरलेला. लाव्हारस थिजताना आत बुडबुडे राहिले, त्या बुडबुड्यांत पाणी झिरपलं, पाण्यातून हे खडे वाढले. पुस्तकातलं वाक्यन्‌वाक्य त्याला आठवलं, आणि यावेळी ते बोटांखाली होतं. म्हणजे आपण लेकरांना थापा मारत नव्हतो!

माथ्यावर वारा होता. उत्तरेकडं डोंगरांच्या रांगा, एकीमागं एक, फिकट होत गेलेल्या. खाली ज्वारीचे तुकडे, झाडांच्या पुंजक्यात दडलेली गावं, कुठल्याशा तळ्याची चकाकणारी रेघ. चारठाण्याकडं बोट करून त्यानं वाचनालयाची खिडकी शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. ज्या खिडकीतून जन्मभर हा डोंगर पाहिला, ती इथून दिसतसुद्धा नव्हती. त्याला मोठ्यानं हसू आलं.

मग हाळीची आठवण झाली.

तो कड्याजवळ गेला. खाली पांगरवाडीची घरं काड्यापेटीएवढी. कोंडाबाईंच्या लुगड्याचा हिरवा ठिपका ओट्यावर दिसत होता. बन्सीधरनं घसा साफ केला. “ओ आक्का,” तो म्हणाला. वाऱ्यानं ते त्याच्याच शर्टात परत आणून घातलं. त्यानं पुन्हा, जरा जोरात हाक दिली. काही नाही. आपल्याला जमायचं नाही, तो मनाशी म्हणाला, खाली जाऊनच सांगावं.

एवढ्यात तो हिरवा ठिपका हलला. उठला. घराला वळसा घालून लंगडत वाटेला लागला. डोंगराच्या वाटेला.

“अरे, नको!” बन्सीधर पुटपुटला आणि मग काय झालं, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दोन्ही हात तोंडाशी गेले, छाती फुगली, आणि आत साठून राहिलेला आवाज एका दमात बाहेर पडला.

“कोंडाआक्काऽऽ! मी बन्सीधर होऽऽ! पोचलोऽऽ!”

समोरच्या डोंगरानं ‘पोचलो’ परत पाठवलं. बोरीतून होल्यांचा थवा उडाला. खालचा ठिपका थांबला, आणि पातळ पण स्वच्छ आवाज वर आला.

“होऽऽ! ऐकलंऽऽ! उतरा आताऽऽ!”

बन्सीधर उतरला नाही. कारण नसताना त्यानं आणखी एक हाळी दिली. तिलाही जबाब आला, त्यात ‘समजलं की वो!’ असं काहीसं होतं.

वाटेत पुस्तकं उचलून तो ओट्यावर आला, तेव्हा कोंडाबाईंनी ठेचा काढून ठेवला होता. “पैली हाळी काय दिलाव, दादा! मला वाटलं मांजरच ओरडायलंय. मंगची मातर गडी माणसाची होती.”

बन्सीधरनं पिशवीतली भाकरी अर्धी करून त्यांना दिली, खिशातला चांदणीचा खडा दाखवला आणि त्याची सगळी हकिकत सांगितली. कोंडाबाईंनी तो उन्हात धरला. “ह्येच्यावर पाय ठिवून जलम गेला माजा,” त्या म्हणाल्या, आणि मग, “पानी आन्‌ आग, दोगांनी मिळून केलंय म्हणा की.”

“असंच मुलांना सांगायला पाहिजे,” बन्सीधर म्हणाला, आणि सुकेशनीच्या पत्राचं सांगितलं.

“शाळा येनार? इथं?” कोंडाबाईंचा घास हातात राहिला. “माजी नातवंडं फडावर गेल्यापून ह्या गल्लीत लेकराचा आवाज न्हाई. त्यांच्या हाळीला जबाब मी देईन. मंग काय कळवलाव बाईला?”

“अजून काही नाही.”

“कवाची हाय चिठ्ठी?”

“दिवाळीच्या आधीची.”

कोंडाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ठेचा बोटानंच चाटून घेतला. “बाई दिवाळीपून हाळी द्यायलीय आन्‌ तुमी खाली बसून ऐकायलाव? उठा, बस जाईल.”

बस मिळाली. बन्सीधर घरी न जाता पोस्टात गेला, पाकीट आणि कागद घेतला आणि खिडकीशेजारच्या फळीवर उभ्या उभ्याच लिहिलं. एरवी त्यानं चार कच्चे कागद केले असते.

‘चि. सुकेशनी, लेकरांना घेऊन ये. वाट मला माहीत आहे. चांदण्या जागेवर आहेत. एक सोबत पाठवतोय. पोरांना एकच सांगून ठेव, तिथं शांतता राखायची नाही.’

“आत काय खडाबिडा हाय का, काका?” तिकीट लावताना पोस्टातल्या माणसानं पाकीट चाचपलं.

“हो,” बन्सीधर म्हणाला, इतक्या खणखणीत आवाजात की मागं रांगेत उभ्या असलेल्या दोघांनी मान वर केली. मग त्यानं पाकीट स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं, आणि आत खडा आपटल्याचा आवाज येईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.