साक्षीचे खुंट

ओबुलेसु माझ्या धाकट्या बहिणीचा, अंकम्माचा नवरा. दगडाची खाण बंद पडली म्हणून तो आमच्या टोळीत माती खोदायला आला, आणि महिन्याभरात लोक मला विचारायचं सोडून त्याला विचारू लागले.

कल्याणदुर्गच्या आसपासच्या तळ्यांची माती मी तीस वर्षं मोजली. नकाशा कधी कुणी दिला नाही. माझी गाठींची दोरी हाच नकाशा. ओबुलेसुकडे दोरीही नव्हती. तो जमिनीवरून अनवाणी फिरायचा, एक डोळा मिटायचा आणि आकडा सांगायचा. तो आकडा बरोबर यायचा, हेच मला खुपायचं.

या वेळी तळ्याच्या पोटातली माती बांधावर टाकायची होती. गावच्या रेड्डीने, म्हणजे पाटलाने, विचारलं, "किती गाड्या माती निघेल?"

मी दोरी टाकून सांगितलं, "नऊशे."

"सव्वाअकराशे," ओबुलेसु म्हणाला.

"दाजी, दुसरा डोळा पण उघडा की."

"नको मेव्हणे, मग दोन तळी दिसतील!"

लोक खो खो हसले. रेड्डी म्हणाला, "ज्याचा आकडा खरा, त्याच्याकडे पुढच्या सगळ्या तळ्यांची मोजणी."

खोदताना मधे मधे मातीचे खुंट तसेच राखायचे असतात. मूळ जमीन कुठवर होती, याची साक्ष तेच देतात. एक उंचवट्यावर, एक खोलगट जागी, एक मधल्या जागी, आणि तिन्हींच्या उंचीची सरासरी म्हणजे खोदाईची खोली. टोळीतल्या पोरांना मी सगळ्यात आधी हेच शिकवतो. खुंट कुठे राखायचे, ते ठरवणं माझं काम. या वेळी तिन्ही मी म्हशी लोळायच्या त्या खोलगट जागेत राखले.

मोजणीच्या दिवशी खुंट चार चार हात भरले. हिशोब नेमका नऊशेवर आला.

"मेव्हण्यांचं बरोबर आहे," ओबुलेसु म्हणाला. तिन्ही खुंटांवरून फिरून त्याची नजर माझ्यावर थांबली होती. त्याला कळलं होतं, तरी तो बोलला नाही. त्याचा तो मोठेपणा मला आकड्याहून जास्त झोंबला.

अंकम्माने डोक्यावरची चुंबळ काढून माझ्यासमोर धरली. "अण्णा, नऊशेच काय रे? मग माझी मान एवढी का दुखते?"

मागे उभ्या, माती वाहणाऱ्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. खड्डा मोजणीत जेवढा भरेल, तेवढीच त्यांची मजुरी.

मी दोरी उचलली. खड्ड्याच्या काठावर, जिथे उंचवटा अजून शाबूत होता, तिथून ती खाली सोडली. सहा हात.

"खुंट मी मुद्दाम खोलगट जागेत राखले," मी रेड्डीला म्हणालो. "चार आणि सहाच्या मधले पाच हात धरा. सव्वाअकराशेच होतात."

मी दोरी ओबुलेसुच्या हातात दिली.

त्याने गाठी चाचपल्या. "हे मला येत नाही, मेव्हणे. शिकवाल?"

दुसऱ्या दिवशी नाचणीच्या उकडीचा गोळा, आमचा मुद्दा, खाऊन झाल्यावर मी त्याला पोरांच्या रांगेत बसवलं आणि पहिल्या गाठीपासून शिकवलं. पोरांना आठ दिवस लागतात. त्याला एक दुपार पुरली.

तेही मला सहन झालं नाही.