हाराखालची मखमल

मी एक जुनी मखमल आहे, मित्रांनो. जन्मले तेव्हा गडद निळी होते. आता माझा रंग विचारलात तर खवचट माणूस 'राखाडी' म्हणेल आणि दयाळू माणूस 'फिकट निळा'. माझ्या मधोमध वीतभर जागा मात्र काही महिन्यांपूर्वीपर्यंत अगदी पहिल्यासारखी निळी होती. त्या जागेचीच ही गोष्ट आहे. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून टाकते.

एका मोठ्या ताग्यातून मला कापून चांदीच्या एका कारागिराने नेले. तेच माझे मालक. त्यांचे घर आणि दुकान म्हणजे एकावर एक दोन खोल्या. खाली मागच्या बाजूला कामाचे मेज, पुढे रस्त्याकडे काच. त्या काचेत मला अंथरले. मी नवी होते, लव ताठ होती, आणि स्वभावाने मी जरा गर्विष्ठच होते. रस्त्यावरची माणसे थबकली की मालकांना वाटे, आपले दागिने पाहून थांबली. मला वाटे, मला पाहून थांबली.

मालकांची एक पद्धत होती. दर आठवड्याला ते काचेतली मांडणी बदलत. काचेतून येणारे ऊन कापडाचा रंग खाते. वस्तू एकाच जागी राहिल्या तर त्यांच्याखालचा रंग तसाच राहतो आणि बाकीचा उडतो, मग कापडावर डाग दिसतात. म्हणून अंगठ्या इकडच्या तिकडे, कानातली वरची खाली. मी विटले, पण सगळीकडून सारखी विटले. या नियमातून एकच वस्तू सुटली होती. मालकीणबाईंचा हार.

तो हार मालकांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घडवला होता. बारीक पानांची वेल आणि मधे एक निळा खडा. बाईंनी तो दोन दिवस घातला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच आणून माझ्या मधोमध ठेवला.

"अहो, माझ्या गळ्यात घरातली चार माणसं बघणार," त्या म्हणाल्या. "इथे सगळा रस्ता बघेल तुमच्या हातचं काम."

"आणि कोणी किंमत विचारली तर?"

"विकायचा नाही म्हणून सांगा. मग तर जास्तच बघतील."

त्यांचे म्हणणे खरे निघाले. बाहेर जाताना त्या हार काचेतून काढून घालत आणि परत आल्या की त्याच जागी ठेवत. पुढे त्या आजारपणात गेल्या. त्यानंतर मालक दर आठवड्याला हार उचलत, पुसत आणि पुन्हा तिथेच ठेवत. केसभरही इकडे तिकडे नाही. असे किती वर्षे चालले ते मी मोजले नाही. माझ्या अंगाचा बाकी रंग उडून गेला एवढे खरे.

मग मालकांचे डोळे गेले. एकदम नाही, आधी मधला भाग धूसर झाला. चांदीचे सांधे जोडायला डाग देताना हात चुकू लागला. ज्या माणसाने पानाच्या शिरा कोरल्या, तो चहाची बशी चाचपडू लागला. दुकान बंद झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की एका डोळ्याची थोडी आशा आहे, पण शस्त्रक्रिया महिन्याच्या आत व्हायला हवी. तिचा खर्च मालकांच्या आवाक्याबाहेरचा होता.

त्यांच्या लेकीने कचेरीतून रजा काढली. तिने दुकानातल्या उरल्यासुरल्या वस्तू मेजावर ओतल्या. "बेचाळीस आहेत, बाबा. फोटो काढते आणि मोबाईलवरून विकते. एवढ्या गेल्या की भागतं. आईच्या हाराला हात लावायचा नाही."

"नाहीच लावायचा," मालक म्हणाले. एवढे ठाम बोलताना मी त्यांना बऱ्याच दिवसांनी ऐकले.

लेकीने मला काचेतून काढून वरच्या खोलीत खिडकीपाशी अंथरले. हार डबीत गेला आणि माझ्यावरची निळी जागा उघडी पडली. अगदी पानापानाच्या आकाराची. त्या जागेवर अंगठी ठेवली की फोटोत अंगठीपेक्षा तो आकारच डोळ्यात भरे. शिवाय मी धूळ धरते, हे मलाही नाकारता येत नाही. लेकीने नाक मुरडले आणि मला खुर्चीच्या पाठीवर टाकले. तिथून मला सगळे दिसत होते.

मग माझ्या जागी काय काय आले म्हणता! फरशीचा तुकडा, पोळपाट, वाळकी पाने, शिंपले, जुने पुस्तक, फुलांची नक्षी असलेली एक वाटी. वाटीच्या काठावर कानातली लटकवली. फोटो झकास आला. पहिल्याच बाईने विचारले, "वाटी केवढ्याला?"

लेकीने ते मालकांना सांगितले तेव्हा ते खूप दिवसांनी हसले. "अगं, वस्तू दाखव. भांडी कशाला मांडतेस?"

वाटी परत फळीवर गेली, पोळपाट राहिला, आणि वस्तू हळूहळू विकल्या जाऊ लागल्या. पहिल्या दहा दिवसांत पंधरा गेल्या. लेक संध्याकाळी विकलेल्या वस्तूंचे डबे बांधताना गुणगुणायची. मलासुद्धा वाटले, जमतेय की.

आणि मग एकेक करून डबे परत येऊ लागले. सगळ्यांची तक्रार एकच. फोटोत गुलाबी झाक होती, ही तर नुसती पांढरी चांदी आहे, आमची फसवणूक झाली. पंधरापैकी अकरा वस्तू परत आल्या. काहींनी वर चार शब्द असे लिहिले की ते वाचून पुढचे गिऱ्हाईकही बिचकले. दोन दिवस लेकीने मालकांना काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "आज डबे बांधल्याचा आवाज नाही गं?"

मग तिने सांगितले. मालकांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"फोटो काढताना अंगात काय होतं तुझ्या?"

"स्वेटर. खिडकीतून गार वारा येतो ना."

"कुठल्या रंगाचा?"

"लाल," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आले.

मित्रांनो, चकाकी दिलेली चांदी म्हणजे आरसा. समोर जे असेल ते ती अंगावर घेते. म्हणून मालक आयुष्यभर काचेसमोर पांढरा सदरा घालून उभे राहत. लेकीला हे कोणी शिकवले नव्हते. ज्यांना एका नजरेत कळले असते त्यांना फोटो दिसत नव्हता, आणि जिला दिसत होता तिने त्यांना विचारले नव्हते. बाबांना आता कशाला त्रास, असे तिला वाटले होते. मी त्या लाल स्वेटरच्या बाजूलाच खुर्चीवर पडून होते. मला माहीत होते. पण मखमलीला तोंड कुठे असते?

तिने स्वेटर काढला, पांढरा सदरा घातला, साध्या पांढऱ्या कागदावर सगळे फोटो नव्याने काढले. चांगले आले. पण एकदा उडालेला विश्वास साध्या कागदाने परत येत नाही. आठवडाभरात तीन वस्तू गेल्या. डॉक्टरांची मुदत संपायला चार दिवस उरले.

त्या सकाळी मालकांनीच डबी मागितली.

"नको ना, बाबा."

"तुझी आई असती तर तिनेच काढून दिला असता. आण इकडे."

लेकीने हार पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिला, तो मेल्यासारखा दिसला. पोळपाटावर पाने हरवली. ती रडत होती आणि मधेमधे नाकाने सूं करत फोटो काढत होती. मालक म्हणाले, "मखमल आण."

त्यांनी मला मेजावर अंथरायला लावले आणि डोळे मिटून माझ्यावरून बोट फिरवले. बाकी सगळीकडे माझी लव उन्हाने खरखरीत झाली होती, हाराखाली मात्र ती मऊ आणि दबलेली होती. बोट कडेशी आले, थांबले, आणि मालकांनी हार खाली ठेवला. पान पानावर, खडा खड्यावर. निळी जागा पूर्ण झाकली गेली. आजूबाजूला नुसते शांत, फिकट कापड.

लेकीने एकच फोटो काढला. दुसरा काढावा लागला नाही. दुपारपर्यंत हार विकला गेला. एवढी सुंदर वस्तू, एवढा सुरेख फोटो, अशी स्तुती त्या गिऱ्हाइकाने लिहिली होती. लेकीने ती वाचून दाखवली नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात माझे सर्वात चांगले काम तेच, आणि ते माझ्या हातून झाले नसते तर बरे झाले असते.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर डॉक्टर म्हणाले की मुदतीत झाली तरी उशीरच झाला होता. उजेड कळेल, अंधार कळेल, त्यापलीकडे काही नाही.

आता मालक दिवसभर वरच्या खिडकीत बसतात, कारण त्यांना ऊन तेवढे दिसते. मी त्यांच्या मांडीवर असते. ते बोटाने ती जागा शोधतात आणि तिच्यावरून बोट फिरवत राहतात. झाकलेली होती म्हणून ती जागा इतकी वर्षे टिकली. आता तिच्यावर रोज ऊन पडते आणि रोज बोट घासते.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या घरात अशी एखादी जागा असेल, जिथले काही उचलून नेले आहे आणि फक्त खूण उरली आहे, तर ती उघडी ठेवू नका. खूण आत राहील अशी घडी घाला, कपाटात ठेवा, उन्हापासून जपा. मालकांना हे सांगावेसे मला फार वाटते. पण सांगता आले असते तरी मी सांगितले नसते. अंधाऱ्या कपाटाशी बसून त्यांना काय मिळणार?

काल लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली. "सापडते का हो अजून?" तिने विचारले.

"म्हणजे काय? ही बघ की," मालक म्हणाले.

त्यांचे बोट माझ्या कडेला होते, हाराच्या जागेपासून चांगले चार बोटे लांब. लेकीने ते पाहिले. मग ती वाकून माझ्यावर खरी जागा शोधू लागली. बराच वेळ शोधत होती.

"हो, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तीच."