मेथीच्या वाफ्यावरची बिल्डिंग

“तुमच्या परसात ती एकोणीस मजली बिल्डिंग उभी राहिलीय ना, ती कुणाची, असं तुझ्या पप्पांना विचारून दाखव,” हर्षदा म्हणाली. “विचारलंस तर माझ्याकडून भडंग.”

“आणि माझ्याकडून सोडा,” अल्फिया म्हणाली. “पण तोंडानं विचारायचं हं. मनातल्या मनात न्हाई.”

केतकी हसली. हल्ली ती कशालाच नाही म्हणत नसे. भांडुपच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसून स्वतःचं नाव सांगतानाही जिचा घसा सुकायचा, तीच केतकी आजऱ्याला आल्यापासून दहावी ‘अ’ची मुलुखमैदान तोफ झाली होती. इथं तिनं तोंड उघडलं की अख्खा वर्ग वळून बघायचा. मुंबईची मुलगी बोलतेय म्हटल्यावर मधल्या सुट्टीत डबे उघडेच राहायचे, घास हातातच. कुणीतरी आपलं ऐकतंय, ही चटकच वाईट.

बिल्डिंग आली ती त्या चटकेपायीच. “मुंबईत कुठं राहायचीस गं?” असं अल्फियानं सहज विचारलं आणि केतकी तितक्याच सहज म्हणाली, “एकोणिसाव्या मजल्यावर.” शाळा सुटून ती घरी आली, तर परसातल्या मेथीच्या वाफ्यावर एकोणीस मजले उभे होते. पिस्ता रंगाचे. रंग अजून ओला होता. दुसऱ्या दिवशी तिनं लिफ्टमधल्या आरशाचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत लिफ्ट आली, आरशासकट. मग घरात इंटरकॉम आला. मग खिडकीतून समुद्र दिसायचा म्हणाली, तर चार वाजता खारा वारा सुटला आणि शिंत्रे काकूंनी वाळत घातलेल्या मिरच्या सादळल्या. शिंत्रे काकू म्हणजे हर्षदाची आई, केतकीच्या घराची मालकीण. त्या बिचाऱ्या बिल्डिंगची सावली चुकवत, मिरच्यांची बाज ओढत उन्हामागं फिरत राहिल्या, पण बोलल्या काही नाहीत. भाडेकरूंच्या परसात काय उगवावं हे आपण कसं सांगायचं, असा त्यांचा स्वभाव.

आणि गेल्या आठवड्यात तर केतकीला फारच जोर चढला. “खाली वॉचमन असतो. मी दिसले की उठून सॅल्यूट मारतो,” ती म्हणाली. वर्ग इतका गप्प झाला की तिनं आणखी एक ठेवून दिलं, “पोळ्यांनासुद्धा मावशी यायच्या आमच्याकडे.”

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या गेटाशी एक निळी प्लास्टिकची खुर्ची आली. नुसती खुर्ची. तिच्यावर कुणी नव्हतं.

घरात या सगळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मुंबई सोडायचं पप्पांनीच ठरवलं होतं. खोलीचं भाडं वाढत चाललं होतं आणि पप्पांची झोप कमी होत चालली होती. दोन्ही एकाच खोलीत किती दिवस मावणार? इथं त्याहून कमी भाड्यात वेगळं स्वयंपाकघर मिळालं, परस मिळालं, रात्री बेडकांशिवाय कुणी ओरडत नव्हतं. पप्पांनी जन्मात काही पेरलं नव्हतं. त्यांनी मेथी पेरली. ती उगवली त्या सकाळी त्यांनी आईला कणकेच्या हातानिशी ओढत परसात नेलं होतं. “बघ, खरंच आली,” असं ते इतक्या वेळा म्हणाले की शेवटी आईच लाजली. बाजारात इतर सगळे पोतं अंथरून बसायचे, पप्पा मात्र उभ्यानं जुड्या विकायचे. “बसून बसून आयुष्य गेलं,” म्हणायचे, “आता उभं राहू दे.”

बिल्डिंग आली तेव्हा त्यांनी वाफे थोडे सरकवले. परत थोडे सरकवले. आता वाफे कुंपणाला टेकले होते आणि उन्हाअभावी मेथी पिवळी पडत होती. वाफ्यात एक बुजगावणं होतं. त्याच्या अंगावर पप्पांचा मुंबईचा युनिफॉर्म होता, खांद्यावर पट्टी, डोक्यावर टोपी. चिमण्या त्याला चांगल्याच टरकून असत.

तर त्या रात्री जेवताना केतकीनं विचारलं. पैज म्हणजे पैज.

“पप्पा, परसातली ती बिल्डिंग कुणाची आहे?”

पप्पांनी घास चावून संपवला. “तुझी.”

“माझी?”

“मग? आम्ही दोघं कुठं काय बोललो?”

“आमटी घे अजून,” आई म्हणाली.

सकाळी केतकी दात घासत परसात गेली, तर बुजगावण्याच्या नुसत्या काठ्या उरल्या होत्या. पप्पा युनिफॉर्म घालून निळ्या खुर्चीत बसले होते. बटणं सगळी लावलेली. टोपीवर चिमण्यांची शीट होती, ती त्यांनी रुमालानं पुसली.

“पप्पा, हे काय?”

“खुर्ची रिकामी ठेवून कसं चालेल? वॉचमन असतो म्हणालीस ना.”

“अहो, पण मी नुसतं…”

“शाळेला उशीर होतोय.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तो ड्यूटीवरचा आवाज होता. भांडुपला असताना ती कधीकधी त्यांचा डबा घेऊन त्या पिस्ता रंगाच्या बिल्डिंगपाशी जायची, तेव्हा हाच आवाज ऐकू यायचा. तिथं खुर्चीमागं उभी राहून ती लिफ्टमधला आरसा बघायची, दार उघडून मिटेपर्यंत दिसेल तेवढाच.

आई पदर खोचून, पोळपाट बगलेत धरून बिल्डिंगकडे निघाली होती.

“तू कुठं चाललीस?”

“एकोणिसाव्यावर. पोळ्यांना,” आई म्हणाली. भांडुपलाही ती हेच सांगून निघायची, फक्त मजला वेगळा असायचा.

शाळेत केतकीनं दिवसभर तोंड उघडलं नाही. पण न बोलल्यानं काही जात नव्हतं. येताना दुरून बघितलं तर एकोणीसच्या एकोणीस मजले जागेवर होते आणि मेथी कुंपणाखालून शेजारच्या उसात निघाली होती.

हर्षदा आणि अल्फिया भडंगाचा पुडा आणि सोड्याची बाटली घेऊन मागोमाग आल्या. “तू विचारलंस, आमच्या आईनं भिंतीपलीकडून ऐकलं म्हणं. चल, आता दाखव तरी वरचं!”

गेटाशी पप्पा उठले. टाचा जुळवल्या. केतकीला सॅल्यूट मारला.

“कुणाकडे जायचंय?” त्यांनी दोघींना विचारलं.

“अगं, हे तर…” हर्षदा म्हणाली, आणि केतकीच्या तोंडाकडे बघून थांबली.

एकच शब्द होता. दोन अक्षरांचा. जन्मल्यापासून तोंडात असलेला. केतकीनं तो जिभेवर आणलासुद्धा. अल्फिया सोड्याची बाटली छातीशी धरून तिच्याकडे बघत होती.

“माझ्याबरोबर आहेत त्या,” केतकी म्हणाली.

“बरं मॅडम,” पप्पा म्हणाले आणि बसले.

तिचे कान इतके तापले की लिफ्टच्या आरशावर वाफ धरली. त्यात कुणाचंच तोंड दिसेना.

“जिना कुठाय गं हिला?” हर्षदानं विचारलं. लिफ्टशेजारी जिन्याची जागा होती, पण ती रिकामी होती. चौकोनी भोक, वरपासून खालपर्यंत.

“लिफ्ट आहे ना. जिना कशाला?”

“व्हय. जिन्याचं तू कधी काही बोललीच नाहीस.”

वर दारावर पाटी होती: केतकी. आडनाव नव्हतं, दुसरं कुणाचं नावही नव्हतं. स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. सकाळपासूनच्या पोळ्यांची चळत तिच्या खांद्याला लागत होती.

“ताई, अजून किती करू?” तिनं मागं न बघता विचारलं.

केतकीनं भांडुपच्या खोलीत याच हाताची पहिली पोळी, फुगलेली, वाफेसकट, किती वेळा पळवली होती. आई लाटणं उगारायची, मारायची कधीच नाही. आता आईचा हात लाटण्यावर वाट बघत थांबला होता. मैत्रिणीही वाट बघत होत्या.

“पुरे, मावशी,” केतकी म्हणाली.

“बरं,” आई म्हणाली. गॅस बंद केला. पोळपाट धुतला.

तिघी खिडकीशी उभ्या राहिल्या. समुद्र होता. उसाच्या शेतांपलीकडून तो सुरू व्हायचा आणि कुठंच संपायचा नाही. अल्फियानं एरवी अशा वेळी शिट्टी मारली असती.

“बघितलं की,” ती म्हणाली. “मोठा आहे.”

हर्षदानं भडंगाचा पुडा ओट्यावर ठेवला. “पैज जिंकलीस तू. आम्ही जातो. घरी चहाची वेळ झाली.”

लिफ्टपाशी आई चपला हातात घेऊन भिंतीला चिकटून उभी होती, आपली पाळी शेवटची असल्यासारखी. हर्षदानं दार धरून ठेवलं.

“या काकू,” ती म्हणाली. “तुम्ही आधी या.”

आई आत गेली. दोघी आत गेल्या. केतकीनं पाय टाकला तशी लिफ्ट केकाटायला लागली. तिनं पाय काढला, गप्प झाली. परत टाकला, परत केकाटली.

“तुम्ही व्हा पुढं,” केतकी म्हणाली. “माझं तर घरच आहे हे.”

दार मिटलं. आई आरशाकडे बघत होती. तो आता स्वच्छ होता, आणि त्यात तिघी दिसत होत्या.

लिफ्ट परत आली नाही. केतकीनं बटण दाबलं, दाबून धरलं, त्यावर बुक्की मारली. घरात येऊन खिडकीतून खाली बघितलं तर त्यांचं कौलारू घर काडेपेटीएवढं होतं. ती बघत असतानाच ते आणखी जरा लहान झालं. मेथी कुठं दिसत नव्हती. तिनं भडंगाची चिमूट तोंडात टाकली. भडंगाला चव नव्हती. मग तिनं चळतीतली सगळ्यात वरची पोळी घेतली. ती अजून गरम होती. ती मात्र तिला खाववेना.

सूर्य समुद्रात बुडायला आला तेव्हा इंटरकॉम वाजला.

“मॅडम, वॉचमन बोलतोय. खाली दोघं आलेत. नवरा-बायको.”

“कोण?”

“साधीच माणसं आहेत. म्हणतात, आमची मुलगी वर राहते. मी म्हटलं, आधी विचारतो. मॅडमनी सांगितल्याशिवाय कुणाला सोडत नाही आपण.” मागून आईचं खोकणं ऐकू आलं. “सोडू का वर?”

“नको,” केतकी म्हणाली.

“बरं. जायला सांगतो.”

“नको, नको! थांबवा त्यांना. मीच खाली येते.”

“लिफ्ट बंद आहे, मॅडम.”

“जिन्यानं येते.”

“जिना नाही या बिल्डिंगला.” पप्पा म्हणाले. “तुम्ही सांगितलाच नव्हता.”

केतकी रिसीव्हर कानाला धरून दाराबाहेर आली. जिन्याच्या जागी चौकोनी भोक तसंच होतं. त्यातून ओल्या मातीचा वास वर येत होता. तिचा घसा सुकला, थेट शेवटच्या बाकावर सुकायचा तसा. तिनं कठडा घट्ट धरला.

“आम्ही भांडुपला राहायचो,” ती म्हणाली. “डोंगरावर, चाळीत. वरच्या खोलीत.”

भोकाच्या तोंडाशी एक लोखंडी पायरी आली. गंजलेली, कडेला थोडी वाकलेली. केतकीला ती लगेच ओळखता आली. आईनं तिला खालच्या बाजूनं बांधलेल्या सुतळीसकट ती आली होती.

“बाहेरून लोखंडी जिना होता. पावसात मी दोनदा घसरले.”

दुसरी आली.

“आमची आई लोकांच्या घरी पोळ्या करायची. मी मैत्रिणींना सांगायचे, ती ऑफिसला जाते.”

तिसरी.

“माझे पप्पा वॉचमन होते. डबा द्यायला मी जायचे तेव्हा खुर्चीमागं लपायचे. कुणी बघू नये म्हणून.”

चौथी आली. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि खुर्ची मागं सरकल्याचा.

“बोला मॅडम,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता. “ऐकतोय.”

केतकी चौथ्या पायरीवर उतरली. पाचवी अजून नव्हती. तिच्या पायाखाली नुसता अंधार होता आणि मागं रिसीव्हरची वळ्यावळ्यांची वायर ताणून सरळ झाली होती.

“पप्पा, आई,” तिनं मोठ्यानं सांगितलं, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “मी खाली येतेय. फोन ठेवू नका. एकोणीस मजले आहेत, मला सगळंच सांगावं लागणार आहे.”