जुना सेट मी नेतो

पप्पांच्या ओळखीच्या विजयसिंहकाकांनी बारामतीहून आणलेले दोन मोठे स्पीकर गाडीतून उतरवले, तेव्हा वैष्णवीनं स्पीकरआधी काकांचा चेहरा न्याहाळला. वस्तू एवढी चांगली आहे तर हा माणूस विकतोय कशाला, हा प्रश्न तिच्या डोक्यातून हलत नव्हता.

सौदा असा होता. भवानीनगरच्या वैष्णवीच्या घरातले होम थिएटरचे जुने स्पीकर काकांनी न्यायचे, वर थोडे पैसे घ्यायचे आणि हे मोठे ठेवून जायचे. एकदा गेले की परत मागायचं तोंड नाही. पण पप्पांनी सकाळीच सांगितलं होतं, "ऐकून तू ठरव. तू व्हय म्हणलीस तरच घिऊ." दहावीतल्या पोरीवर घरातला निर्णय सोडायची ही पहिलीच वेळ, आणि फसून हसं करून घ्यायची तिची मुळीच तयारी नव्हती.

काकांनी ॲम्प्लिफायरच्या रिकाम्या जागी आपल्या वायरी लावल्या. जत्रेतल्या धनगरी गजनृत्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं. ढोलाबरोबर खिडकीच्या काचा थरथरल्या. मग बटण दाबून जुने स्पीकर लावले, तर ढोल पार मेंगळट.

"बघा दादासो, फरक किती हाय," काका म्हणाले.

पप्पांची मान हललीसुद्धा. वैष्णवीनं रिमोट मागून घेतला. आवाजाचा आकडा दोन्ही वेळी तोच. तिथं चोरी नव्हती.

"काका, आमचे एवढे फुसके, तर तुम्हाला कशाला पाहिजेत?"

"गोठ्यात लावीन. म्हशी ऐकतील."

सगळे हसले. वैष्णवीनं दारातून गाडीत डोकावून पाहिलं. काकांचे स्पीकर नुसत्या पोत्यावर आले होते. शेजारी मात्र मऊ दुलई अंथरून ठेवलेली. म्हशींच्या स्पीकरला दुलई?

तिनं टीव्हीचं टेबल ओढलं आणि मागं शिरली. उजव्या स्पीकरची लाल वायर लाल खोबणीत होती. डाव्याची लाल वायर काळ्या खोबणीत. एक सरळ, एक उलटा; दोघं एकमेकांचा ढोल खाऊन टाकत होते.

"ही तुम्ही उलटी लावली?"

"माझा हातच लागला न्हाय तितं. जाळी बघ की."

खरंच, वायरीवर कोळ्याचं जुनं जाळं होतं. पप्पा मान खाजवत म्हणाले, "आणला तवा मीच जोडला व्हता."

वैष्णवीनं वायरी सरळ केल्या, रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. खाटेवर बसलेल्या तिच्या आजोबांची, बिरूआबांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. ऐन उमेदीत त्यांनीच गावचा ढोल वाजवलेला.

"हां, ह्यो ढोल," आबा म्हणाले. "इतके दिस डबा बडवत व्हता कुणीतरी."

वैष्णवी काकांकडं वळली. "मागं आमच्या पूजेला आला होता तेव्हाच आवाज ऐकून तुम्हाला कळलं होतं ना? मग सांगितलं का नाही?"

"इकायला आलोय ताई, दुरुस्तीला न्हाय." काका पप्पांकडं वळले. "बरं दादासो, वरचे पैसे ऱ्हाऊ द्या. नुसती अदलाबदल करू."

जुना सेटच जास्त मोलाचा आहे, अशी आता मात्र तिची खात्रीच पटली. पप्पा तिच्याकडं बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

"पोरगी न्हाय म्हणती, विजयसिंहराव," पप्पा म्हणाले. "च्या घ्या आन् निघा."

काका चहा न घेताच उठले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत वैष्णवी दारातून हलली नाही.